गुंतवळीचा भाव

इंद्रलोकमधून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नका, अशी तिची विनंती आहे आणि ती आम्ही पाळणार आहोत. तिचा मजकूर थोडक्यात असा: शौहर भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करतात. गेले काही महिने काम आठवड्यातून तीन-चार दिवसच मिळते. मुलगी दहावीला आहे आणि शाळेची आठ हजार रुपये फी थकली आहे. या बहिणीचे केस कमरेच्या खाली आहेत. मोबाईलवर तिला एक जाहिरात दिसली, लांब केस विकून हजारो रुपये मिळवा. तिने चौकशी केली. समोरच्याने आधी वेणीची लांबी विचारली, मग मोकळ्या केसांचा फोटो मागवला, आणि फोटो पाहून अडीच हजारांचा भाव सांगितला. आता तिचे तीन प्रश्न आहेत. हा पैसा हलाल आहे का? दारावर येणाऱ्या भांडेवालीला गुंतवळ देऊन वाटी किंवा चमचे घेतो, तेही यातच येते का? आणि केस विकायचे नसतील तर कॅन्सरच्या रुग्णांसाठी देता येतील का?

पत्राच्या शेवटी एक वाक्य होते, ते आम्हांला प्रश्नांपेक्षा जास्त लागले. यातले शौहरना काहीच ठाऊक नाही, असे तिने लिहिले आहे.

हा प्रश्न एकट्या इंद्रलोकचा नाही. मीरा-भाईंदरच्या कोणत्याही गल्लीत दुपारी जेवणे उरकल्यावर कान द्या. कुणी डोक्यावर टोपली घेऊन, कुणी सायकलीला कर्णा बांधून फिरत असते. बाल दो, बर्तन लो, अशी आरोळी येते. पूर्वीची बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. केसांवर भांडी, क्लिपा, मुलांसाठी फुगे देणारे हे त्याच परंपरेतले. आमच्या घरातल्या जुन्या बायकांना हे मुळीच पटत नसे. विंचरून झाल्यावर निघालेली गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून त्या बाजूला ठेवत आणि संध्याकाळी झाडाच्या बुंध्याशी पुरत. कुणी विचारलेच तर म्हणत, केस उघड्यावर टाकू नयेत, कुणी सिहर करील. या भीतीचे मूळ कुठे आहे तेही सांगता येते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर लबीद बिन आसम नावाच्या माणसाने जादू केली आणि त्यासाठी कंगवा व त्यात अडकलेले केस वापरले, ही हकीकत सहीह बुखारीत आहे. पुरण्यामागे मात्र भीतीपेक्षा अदब अधिक होता. उलेमांनी केस व नखे पुरणे पसंत केले ते माणसाच्या शरीराचा भाग म्हणून. आता सहाव्या मजल्यावरच्या वन रूम किचनमध्ये बुंधा कुठून आणायचा? आमच्या ओळखीच्या एक खाला कढीपत्त्याच्या कुंडीत पुरतात. कढीपत्ता जोमात आहे.

आता हे केस जातात कुठे, ते पाहू. प्रश्नाचे उत्तर द्यायला ही माहिती लागते, आणि ज्या बायका गुंतवळ देतात त्यांना ती सहसा कुणी सांगत नाही.

भारतातून दोन प्रकारचे केस बाजारात जातात. पहिला प्रकार मुळापासून टोकापर्यंत एकाच दिशेने ठेवलेल्या, एकदम कापलेल्या केसांचा. व्यापारात याला रेमी म्हणतात. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे बारीक खवले असतात. सगळे खवले एका दिशेला असले की केस गुंतत नाहीत. म्हणून त्याला भाव चांगला. यातला मोठा वाटा दक्षिणेतल्या देवस्थानांतून येतो. तिरुमला येथे भाविक श्रद्धेने मुंडण करतात, त्याचे पैसे ते घेत नाहीत आणि देवस्थान त्या केसांचा लांबीनुसार ई-लिलाव करते. दुसरा प्रकार म्हणजे आपली गुंतवळ. व्यापारी तिला गोली म्हणतात. यात मूळ कुठले आणि टोक कुठले याचा पत्ता नसतो. भांडेवालीकडून ती छोट्या व्यापाऱ्याकडे जाते, तिथून गोण्या भरून मोठ्याकडे, आणि तिथून सोडवणाऱ्या हातांकडे.

हे हात बायकांचे आहेत. कर्नाटकातल्या कोप्पळजवळच्या भाग्यनगरात आणि पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात बेलडांगा भागात या कामावर हजारो घरे चालतात. मुर्शिदाबाद हा मुस्लिमबहुल जिल्हा. तिथल्या कित्येक आपा आणि भाभी अंगणात बसून मुंबईच्या, नागपूरच्या, हैदराबादच्या अनोळखी बायकांचे केस सुईने आणि बोटांनी सुटे करतात. त्यातली धूळ, उवांची अंडी, पांढरे केस वेगळे काढतात. मग लोखंडी खिळ्यांच्या फणीतून ओढून लांबीप्रमाणे जुड्या बांधतात. पुढे कारखान्यात आम्लाच्या पाण्यात घालून वरचे खवलेच काढून टाकतात, म्हणजे केस एकमेकांत अडकत नाहीत. चीनमध्ये हेनान प्रांतातले शूचांग हे शहर या धंद्याची मोठी पेठ आहे. तिथून टोप आणि गंगावने अमेरिका, आफ्रिका आणि युरोपला जातात.

एम्मा टार्लो या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी हा सगळा प्रवास प्रत्यक्ष फिरून पाहिला आणि त्यावर २०१६ मध्ये पुस्तक लिहिले. याच बाईंनी त्याआधी ब्रिटनमधल्या मुस्लिम स्त्रियांच्या पोशाखावरही एक पुस्तक लिहिले होते. झाकलेल्या केसांकडून त्या विकलेल्या केसांकडे आल्या, असे म्हणायला हरकत नाही. भारतातली गुंतवळ म्यानमारमधल्या प्यॉब्वे या गावापर्यंत सोडवायला जाते, कारण तिथे मजुरी आणखी कमी आहे. ही वाट पुढे इतकी वाढली की मिझोरमच्या सरहद्दीवरून केसांची चोरटी वाहतूक होऊ लागली. किंमत कमी दाखवून माल बाहेर जाऊ लागला आणि इकडच्या कारागिरांचे काम बुडू लागले. तेव्हा केंद्र सरकारने २५ जानेवारी २०२२ रोजी मानवी केसांची निर्यात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली, म्हणजे परवान्याशिवाय पाठवता येईना. २०२५ मध्ये नियम आणखी कडक झाला. किलोला ६५ डॉलरपेक्षा कमी किमतीचे कच्चे केस देशाबाहेर पाठवण्यास बंदी आली.

६५ डॉलर म्हणजे साधारण साडेपाच हजार रुपये. या आकड्यावरून आपण घरचा हिशेब करू, कारण पत्र लिहिणाऱ्या बहिणीला हिशेब हवा आहे.

माणसाच्या डोक्यावरून रोज ५० ते १०० केस गळतात. दोन फूट लांबीचा एक केस तीन-साडेतीन मिलिग्रॅमचा. ८० केस धरले तर दिवसाला पाव ग्रॅम. यातला निम्मा तरी न्हाणीघरात, उशीवर, ओढणीवर जातो. म्हणजे एका बाईने वर्षभर जपून ठेवले तर हाती ४०-५० ग्रॅम येतात. एक किलो गुंतवळ म्हणजे वीस-पंचवीस बायकांचे एक वर्ष. आणि निर्यातीच्या त्या किमान भावाने तिची किंमत होते सव्वादोनशे-पावणेतीनशे रुपये. ही बंदरावरची किंमत झाली. दारावर मिळते ती एक वाटी. मधली रक्कम भांडेवालीच्या पायपिटीत, व्यापाऱ्याच्या नफ्यात, बेलडांग्याच्या मजुरीत वाटली जाते. भांडेवालीला आम्ही दोष देत नाही. उन्हात चार मजले चढून ती येते आणि तिच्या हातीही फार राहत नाही. ती वाटी कदाचित आपल्याच भाईंदरच्या गाळ्यात घडलेली असते, एवढे मात्र मनात येऊन जाते.

आता कापलेल्या वेणीचा हिशेब. केस महिन्याला अर्धा इंच वाढतात. पंधरा इंच कापले तर ते परत यायला तीस महिने लागतात. अडीच हजार भागिले तीस, महिन्याला ८३ रुपये. जाहिरातीतले ‘हजारो’ असे उलगडतात. शिवाय थकलेली फी आठ हजार आहे, ती यातून फिटतच नाही.

हिशेबाने प्रश्न संपत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. हातात काहीच नसते तेव्हा अडीच हजारही पुष्कळ असतात. २०२० च्या जानेवारीत तमिळनाडूतल्या सेलम येथे एका तरुण विधवेने तीन लेकरांच्या पोटासाठी डोक्यावरचे सगळे केस १५० रुपयांना विकले होते. पती कर्जापायी जीव देऊन गेला होता. बातमी बाहेर आली, लोकांनी मदत जमवली, तिची अवस्था सुधारली. बातमी आली म्हणून. अशा आईसमोर उभे राहून कुणी हराम-हलालचा दंडुका आपटावा, हे आम्हांला मान्य नाही. जे घर बुडत होते त्याच्या शेजाऱ्यांना आधी विचारायला हवे की तुम्ही त्या रात्री काय जेवलात.

पण बहिणीने मसला विचारला आहे, तेव्हा तो स्पष्ट सांगितला पाहिजे. आमच्यात कोकणातल्या घरांतून बहुतेक जण शाफई आहेत, बाकीचे बहुतांशी हनफी. या प्रश्नात दोन्हीकडचा निर्णय एकच आहे. हनफी फिकहच्या ‘हिदाया’ या ग्रंथात इमाम मरगीनानी (रह.) यांनी माणसाच्या केसांची विक्री आणि वापर दोन्ही नाजायज ठरवले आहेत, आणि कारण दिले आहे ते माणसाच्या इज्जतीचे. केस नापाक आहेत म्हणून विकू नका, असे त्यांचे म्हणणे नाही. माणूस मुकर्रम आहे, त्याच्या शरीराचा कोणताही भाग बाजारातला माल होऊ शकत नाही, हे म्हणणे आहे. शाफईंचे इमाम नववी (रह.) यांनीही सहीह मुस्लिमच्या विवेचनात हेच सांगितले आणि केस पुरावेत असे लिहिले. दोन्ही इमामांच्या मागे सूरह बनी इस्राईलची सत्तरावी आयत आहे, जिच्यात आदमच्या संततीला अल्लाहने दिलेल्या प्रतिष्ठेचा उल्लेख येतो.

याला जोडूनच दुसरी बाजू आहे, खरेदी करणाऱ्याची. केसांना दुसऱ्याचे केस जोडणारी आणि जोडून घेणारी, दोघींवर लानत असल्याची हदीस बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. हजरत अस्मा बिन्त अबू बक्र (रजि.) यांच्या रिवायतीत एक आई येते. मुलीचे लग्न ठरलेले, गोवराने केस गेलेले, आणि आई विचारते की केस जोडू का. तिलाही परवानगी मिळाली नाही. ही हदीस वाचताना आम्हांला दर वेळी त्या मुलीची काळजी वाटते. पण जोडायला केस येतात ते कुणाच्या तरी डोक्यावरून येतात, आणि ते डोके बहुधा गरिबाचे असते, हेही तेवढेच खरे आहे. हजरत मुआविया (रजि.) यांनी मदीनेतल्या मिंबरवर उभे राहून शिपायाच्या हातातला केसांचा झुबका लोकांना दाखवला होता आणि तुमचे उलेमा कुठे आहेत, असे विचारले होते. म्हणजे हा बाजार तेव्हाही होता.

इथे एक गैरसमज दूर करू. स्त्रीने केस कापणेच मना आहे, असे आपल्याकडे अनेक घरांत सांगतात. सहीह मुस्लिममध्ये तर अशी रिवायत आहे की प्रेषितांच्या वफातीनंतर उम्महातुल मोमिनीन आपले केस कानापर्यंत येतील इतके कमी करीत. त्यामुळे या बहिणीला लांब केस सांभाळणे जड जात असेल तर तिने ते खुशाल आटोपशीर करावेत. प्रश्न कात्रीचा नाही, तराजूचा आहे.

तराजूवरून आठवले. आपल्याकडे केस तोलले जातात, ते अकीक्याच्या वेळी. सातव्या दिवशी बाळाचे जावळ काढतात आणि त्याच्या वजनाइतकी चांदी सदका करतात. हजरत फातिमा (रजि.) यांनी आपल्या लेकरांचे केस असेच तोलून चांदी दिल्याचे इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त आहे. एक-दोन ग्रॅमचा मामला असतो, पण दिशा पाहा. केसांचे वजन झाले की घरातून पैसा गरिबाकडे जातो. उलट दिशेने येत नाही.

आणि हे केवळ आपल्याच घरातले सोवळे-ओवळे आहे असे नाही. २००४ च्या मे महिन्यात जेरुसलेमच्या एका थोर रब्बींनी निर्णय दिला की भारतातल्या मंदिरांतून आलेल्या केसांचे टोप धर्मनिष्ठ यहुदी स्त्रियांनी वापरू नयेत. लग्नानंतर केस झाकण्यासाठी या स्त्रिया महागडे टोप घालतात. निर्णय आला आणि ब्रुकलिनच्या रस्त्यांवर त्यांची होळी झाली. ज्या केसांचा पैसा मूळ मालकिणीला मिळालाच नव्हता, ते हजारो डॉलरचे होऊन असे जळाले. आणखी एक गोष्ट तर अंगावर काटा आणते. १ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने न्यूयॉर्क-न्यूअर्क बंदरावर केसांच्या वस्तूंचा १३ टन माल अडवला. आठ लाख डॉलरहून अधिक किमतीचा हा माल चीनच्या शिनजियांगमधून आला होता, आणि तो उइगुर मुस्लिमांकडून सक्तीने करवून घेतलेल्या श्रमाचा असावा, असा खात्याचा संशय होता. दुकानात लटकलेल्या गंगावनावर यातले काहीही लिहिलेले नसते.

आपल्या मुंबईनेही केसांच्या बाबतीत एक चांगला दिवस पाहिला आहे. १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने इथल्या नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे ठरवले. ज्यांची रोजी त्या वस्तऱ्यावर होती त्यांनीच वस्तरा खाली ठेवला.

आता मुद्द्याचे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर: विकू नका. तुमच्या मस्जिदीच्या मुफ्तींना एकदा विचारून खात्री करून घ्या, पण आमच्या वाचनात याहून वेगळे आलेले नाही. दुसऱ्या प्रश्नाचे: वाटी घेतली तरी ती विक्रीच. फिकहमध्ये वस्तूच्या बदल्यात वस्तू हाही बैअच आहे, नोटा हातात आल्या नाहीत एवढ्याने फरक पडत नाही. आधी घेतलेल्या चमच्या-वाट्यांची चिंता करत बसू नका, त्यांच्या किमतीइतके कुणा गरजूला देऊन टाका आणि पुढे गुंतवळ कुंडीत पुरा. जिथे पुरणे शक्यच नाही तिथे कागदात गुंडाळून टाकावी.

आणि फोटोबद्दल. यावर आम्ही रागावूनच लिहीत आहोत, पण राग तुमच्यावर नाही. जाहिरातीतला माणूस कोण, कुठला, काही ठाऊक नसताना त्याने मोकळ्या केसांचा फोटो मागवला. उद्या तो व्हिडिओ मागेल, परवा ‘नोंदणी फी’ मागेल, नंतर फोटो दाखवून आणखी काही. खऱ्या केसव्यापाऱ्याला लांबी आणि वजन कळले की पुरते. तो नंबर बंद करा, पुन्हा काही पाठवू नका, आणि त्याने धमकी दिली किंवा पैसे मागितले तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. घाबरून गप्प बसणाऱ्या बायकांवरच अशा माणसांचा धंदा चालतो. घरच्यांना सांगितले तर रागावतील, ही भीती खरी असते, पण रागावलेले घर त्या माणसापेक्षा बरे.

आता फीचे. शौहरना आजच सांगा. घरखर्च त्यांच्या जिम्मेदारीचा आहे आणि तो जड जात असेल तर ते त्यांना कळले पाहिजे. तुम्ही गुपचूप कापलेली वेणी पाहून त्यांना जे वाटेल ते फीच्या आकड्यापेक्षा कितीतरी वाईट असेल. मुख्याध्यापकांना दोघे मिळून भेटा आणि हप्ते मागा. कामाचे दिवस घटल्याचे गाळामालकाकडून लिहून मिळाले तर सोबत न्या. राज्य सरकारच्या लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बायकांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. तुमचे नाव त्यात आहे का, आणि असेल तर पैसे खात्यावर येतात का, ते पाहा. वेणीच्या महिना ८३ रुपयांपुढे ही रक्कम ठेवून बघा. मुलगी पुढे शिकेल तेव्हा मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची माहिती घ्या.

आणि जकात. हा शब्द आला की आपल्या घरांत मान खाली जाते. पोटापुरते कमावणारे, भाडे भरणारे, नीटनेटके राहणारे लोक जकात घ्यायला लाजतात आणि देणारेही त्यांना ओळखत नाहीत. कामाचे दिवस घटलेला पॉलिश कारागीर, ज्याच्याकडे निसाब नाही, तो हक्कदार आहे. इंद्रलोकहून शेअर रिक्षा करून नया नगरला पोहोचले तर तिथे मस्जिदी आहेत, जकात जमवणारे लोक आहेत. शौहरनी जाऊन बोलावे. ते बोलायला कचरत असतील तर मुलीच्या मामांनी बोलावे, चाचांनी बोलावे. आणि ज्यांच्याकडे ही जकात जमते त्यांना आमचा एक प्रश्न आहे: रमजानमध्ये रांग लावून किट वाटण्याच्या पलीकडे, जून महिन्यात आपल्या वस्तीतल्या शाळांच्या थकलेल्या फीची यादी कुणी मागवतो का? अशी यादी मुख्याध्यापकांकडे तयार असते. नावे गुप्त ठेवून थेट शाळेत पैसे भरता येतात, आणि मग कोणत्याही आईला अनोळखी माणसाला फोटो पाठवावा लागत नाही.

राहिला तिसरा प्रश्न, कॅन्सरच्या रुग्णांचा. केमोथेरपीने केस जातात, बाई आरशासमोर जात नाही, लेकरे घाबरतात. हे दुःख लहान नाही. मुंबईत या रुग्णांसाठी दान केलेल्या केसांचे टोप बनवणाऱ्या संस्था आहेत आणि अनेक भगिनी तिथे मनापासून वेणी देतात. आपल्या उलेमांपैकी बहुतेकांनी मात्र दानातही मानवी केसांचा वापर टाळायला सांगितले आहे आणि कृत्रिम धाग्याच्या टोपाला रुग्णासाठी मुभा दिली आहे. कृत्रिम टोप स्वस्तही असतो, वजनाने हलकाही असतो आणि धुतल्यावर पटकन वाळतो. ज्यांना मदत करायची इच्छा आहे त्यांनी चार-पाच जणींनी मिळून असा एक टोप घेऊन द्यावा, किंवा मऊ सुती स्कार्फ शिवून द्यावेत. टाटा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधी विचारून जावे, म्हणजे कोणत्या मापाचे आणि किती हवेत ते कळेल. डोके झाकायच्या सुती कापडाबद्दल आमच्या भगिनींना वेगळे शिकवायला नको. शिवण सपाट ठेवा, केमोनंतर टाळू फार हुळहुळी होते, गाठ आणि जाड शिवण टोचते.